ओमाचं चौथं कडवं

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या त्या खोऱ्यात व्हर्लीन स्टिडमला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. एकतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचे पाव भाजले, आणि भाजताना आईचं, ओमाचं, गाणं म्हटलं.

व्हर्लीनचे वडील कोळशाच्या खाणीतल्या स्फोटात गेले. कंपनीनं दोष त्यांच्याच माथी मारला. तेव्हा ओमानं ते गाणं रचलं. पुढे रेडिओवरच्या एका गवयानं ते गाजवलं, पण तीनच कडवी. चौथं घरातच राहिलं:

ज्योत दिव्याची निळी झाली, मुकादमानं पाहिली,
तरी माझ्या धन्याची पाळी आतच त्यानं लाविली.

दिव्याची ज्योत निळी होणं म्हणजे खाणीत स्फोटक वायू साठल्याची खूण, हे तिथं पोरंसोरंही जाणत.

गाण्याला साठ वर्षं झाली म्हणून गावानं भर दुपारी सोहळा केला. मांडव कंपनीचा, पहिल्या रांगेत कंपनीचे साहेब. व्यवस्था व्हर्लीनच्या भाच्याकडे, रॉयसकडे.

"आत्या, तीनच कडवी हं."

"का रे? चौथ्याला काय खरूज झालीय?"

"समोर साहेब बसलेत. माझी नोकरी आहे तिथं."

"तुझे आजोबाही तिथंच नोकरीला होते."

रॉयस ओशाळला, पण माइकच्या बटणापासून हलला नाही.

तीन कडवी झाली, टाळ्या पडल्या. चौथ्यासाठी व्हर्लीननं श्वास घेतला आणि माइक मुका झाला.

रॉयस शहरात राहून एक गोष्ट विसरला होता. खोऱ्यातल्या चर्चमध्ये ना पेटी, ना माइक. पूर्वी भजनांची पुस्तकं नव्हती, म्हणून एकानं ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती लांबवून म्हणायची, ही तिथली रीत. व्हर्लीन मंचाच्या कडेला आली, चर्चमधल्यासारखी पहिली ओळ भरभर फेकली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

मग मागून एका म्हातारीनं चिरक्या आवाजात ओळ उचलली. पाठोपाठ बाकंच्या बाकं गाऊ लागली. टाकलेली ओळ तशीच पडू द्यायची, हे त्या गळ्यांना ठाऊकच नव्हतं. दुसरी ओळ तर मांडवाबाहेर रस्त्यावर गेली. साहेब बुटांकडे बघत राहिले.

रॉयस धावत आला. "आत्या, पुढच्या वर्षी तुला बोलावणार नाहीत!"

"नाही बोलावलं तर नाही. आता सगळ्यांना पाठ झालंय, कुणाकुणाचं बटण दाबशील? सरक बाजूला. पुन्हा एकदा म्हणायचंय, मागच्या रांगेचा सूर उतरला होता."