पुरीवरचा कर

मंगळवार, ४ सप्टेंबर १९५६, सकाळी साडेदहा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात खाणावळवाले वासुदेवराव पागे उभे होते आणि प्रेसिडेंटसाहेब त्यांना बसण्यास सांगत होते. ते बसले नाहीत.

"हा टॅक्स लागला तर दसऱ्याच्या आत माझी चूल विझेल," ते म्हणाले. "मग लायसन्स काय भिंतीला लावून बघत बसू?"

सभेची भाषा हिंदी होती. वासुदेवराव रागावले की मराठीत बोलत. प्रेसिडेंट वकील होते आणि त्यांना दोन्ही भाषा येत. त्या दिवशी त्यांनी मराठी येत नसल्यासारखा चेहरा ठेवला.

मी तेव्हा टॅक्स सुपरिंटेंडेंट होतो. सभेपुढे एका उपविधीचा ड्राफ्ट होता. उपविधी म्हणजे नगरपालिकेने गावापुरता केलेला कायदा. त्याला सरकारची मंजुरी लागते. ड्राफ्ट असा, की जिथे गिऱ्हाईक बसून जेवते अशा प्रत्येक भोजनालयावर दर ताटामागे कर बसवावा आणि त्या पैशातून यात्रेकरू व टुरिस्ट यांच्यासाठी घाटावर सोयी कराव्यात. यात्रेकरू आणि टुरिस्ट यांत फरक काय, असे एका सदस्याने विचारले. "जो नहाए वो यात्री, जो खड़ा देखे वो टूरिस्ट," असे उत्तर मिळाले आणि सभेचे समाधान झाले.

घाई होती. आमचे मध्यभारत राज्य एक नोव्हेंबरला संपणार होते. नवे राज्य, नवी राजधानी भोपाळ. तिथे कोणत्या टेबलावर कोण बसेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्यांना आपण ओळखतो त्यांच्याकडून मंजुरी घेऊन टाकावी, असे प्रेसिडेंटांचे मत होते. ते चुकीचे नव्हते.

वासुदेवरावांची अडचण साधी होती. संस्थान असताना ते सरकारी कोठीवर, म्हणजे बंगल्यावर, भोजनव्यवस्था पाहत. संस्थान विलीन झाले, जागा गेली. त्यांनी देवास गेटजवळ खाणावळ काढली. जेवणारे बहुतेक सरकारी कारकून, महिन्याचे पैसे ठरलेले. कारकुनाचा पगार वाढत नाही, म्हणून खाणावळीचा दर वाढत नाही. त्यातच निम्मे कारकून भोपाळला जाण्यासाठी ट्रंका बांधत होते.

"आणि माझ्याकडे यात्रेकरू जेवतच नाही," वासुदेवराव म्हणाले. "त्याच्यासाठी माझ्या कारकुनांनी का भरायचं?"

यावर नेमीचंदजी हसले. ते आमचे सदस्य आणि हलवाई मंडळींचे पुढारी. हलवायांची दुकाने ड्राफ्टमध्ये नव्हती, कारण तिथे कोणी बसून जेवत नाही. ही मर्यादा कोणी सुचवली, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

"यात्री बस से उतरा, भूखा है, सामने राव साहब का बोर्ड टँगा है," नेमीचंदजी म्हणाले. "वहाँ नहीं जीमता तो क्या हवा खाता है?"

"तुमच्याकडे खातो!"

"हमारे यहाँ तो भैया, बैठने की जगह ही नहीं."

प्रेसिडेंटांनी टेबलावर हात आपटला. "साठे साहब, आज अमावस है, हजारों लोग आए हैं. जाकर देख लीजिए यात्री कहाँ जीमता है. पाँच बजे फिर बैठेंगे."

मी छत्री घेतली आणि निघालो.

पहाटेपासून पाऊस होता. देवास गेटला बस येत, माणसे उतरत, डोक्यावर गाठोडी घेऊन थेट घाटाकडे चालू लागत. वाटेत चार-पाच भोजनालये होती. दारात पोरे ओरडत होती. कोणी मानही वळवत नव्हते. वासुदेवरावांच्या खाणावळीत मी उभा असताना एक यात्रेकरू आत आला. त्याने पिण्याचे पाणी मागितले, स्वतःच्या लोट्यात घेतले आणि गेला.

घाटावर क्षिप्रा भरून वाहत होती. स्नाने झाली होती. आता स्वयंपाक चालला होता, म्हणजे चालावा असा प्रयत्न होता. माळव्यातला यात्रेकरू घरून कणीक, डाळ आणि शेण्या आणतो. शेण्यांच्या विस्तवात बाट्या भाजतो. त्या दिवशी शेण्या भिजल्या होत्या. घाटभर धूर होता, विस्तव कुठेच नव्हता.

एक म्हातारी फुंकून फुंकून थकली होती. मी तिला विचारले, "माँजी, सामने भोजनालय है. गरम रोटी मिलेगी. वहाँ क्यों नहीं जाती?"

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "होटल में कुण जीमे, बापजी? चूल्हो कुण को, हाथ कुण को, कंई मालूम?"

"तो भूखी रहोगी?"

"भूखी क्यों रहूँ? छोरो पूड़ी लेवा गयो है."

"पूड़ी का हाथ किसका, मालूम है?"

"पूड़ी तो घी में निकले. घी में कंई दोस?"

इथे थोडा खुलासा करतो, कारण आताच्या वाचकाला हा भेद ठाऊक नसेल. त्या काळी पाण्यात शिजलेले किंवा तव्यावर भाजलेले अन्न 'कच्चे' मानत. ते फक्त आपल्या घरच्या, आपल्या जातीच्या हातचे चालत असे. तुपात तळलेले ते 'पक्के'. ते हलवायाकडून घेण्यास हरकत नसे. मी या रीतीचे समर्थन करत नाही. परंतु करआकारणी करणाऱ्याने लोक कसे वागतात ते पाहावे. त्यांनी कसे वागावे, हे पाहणारे खाते वेगळे आहे.

परतताना मी नेमीचंदजींच्या दुकानावरून गेलो. दोन कढया चालू होत्या आणि रांग गल्लीच्या वळणापर्यंत होती. सगळे ओले, सगळ्यांच्या हाती पळसाच्या पत्रावळी. बसण्यास जागा नव्हती, हे खरेच होते.

पाच वाजता मी रिपोर्ट तोंडी दिला. "यात्रेकरू जिथे खातो तिथे कर नाही. जिथे कर आहे तिथे यात्रेकरू खात नाही. महिन्याच्या खाणावळी वगळाव्यात. पर्वाच्या दिवशी पुरी-कचोरी विकणाऱ्या दुकानांवर कर बसवावा."

वासुदेवराव मागच्या भिंतीशी उभे होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

नेमीचंदजी सावकाश उठले. "रिपोर्ट अच्छी है. बस एक बात सभा को मालूम हो जाए. साठे साहब का परिवार ग्वालियर में है. यहाँ साहब की थाली किसके यहाँ लगती है?" ते थांबले. "राव साहब के यहाँ. नमक का हक अदा हो रहा है, और क्या."

सभा खळखळून हसली. प्रेसिडेंटही हसले. मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. रिपोर्ट तिथेच पडणार होता. त्यातली एकही गोष्ट कोणी खोटी म्हटली नव्हती, तरी पडणार होता.

"सच है?" त्यांनी विचारले.

"होय. आजपर्यंत लागत होती," मी म्हणालो. "कल से नहीं लगेगी."

प्रेसिडेंटांनी चष्मा परत चढवला.

"अब रिपोर्ट पर बोलिए, नेमीचंदजी," प्रेसिडेंट म्हणाले.

"टैक्स लगाया तो हलवाई दुकानें बंद कर देंगे."

"अमावस के दिन?"

अमावास्येला कढई उतरवणारा हलवाई अद्याप जन्मला नव्हता. शेवटी नेमीचंदजींनी पेढा तेवढा सोडवून घेतला. पेढा हा प्रसाद आहे आणि प्रसादावर कर घेणे शोभत नाही, असे सर्वांना पटले. उपविधी मंजूर झाला. महिन्याच्या खाणावळी वगळल्या गेल्या.

पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. फाइल एका सरकारकडे गेली आणि दुसऱ्या सरकारकडून परत आली. मध्ये बराच काळ गेला. पुरीवर कर लागला. त्यातून घाटावर पहिली पत्र्याची शेड उभी राहिली. तिच्याखाली शेण्या कोरड्या राहू लागल्या, यात्रेकरू भर पावसात बाट्या भाजू लागले, पुरीचा खप घटला आणि कराचे उत्पन्नही घटले. नेमीचंदजींनी मला रस्त्यात गाठून अभिनंदन केले. लोकांच्या गैरसोयीवर बसवलेला कर त्यांच्या सोयीसाठी खर्च केला की आटतो. दुसरी शेड आम्ही सरकारी अनुदानातून बांधली.

वासुदेवरावांचे निम्मे कारकून भोपाळला गेले. त्यांच्या जागी हळूहळू रेल्वेचे लोक आले. चूल चालू राहिली.

त्या दिवशी सभेनंतर मी खाणावळीत गेलो. पोळ्याचा सण होता, म्हणून पुरणपोळी होती. वासुदेवराव दारातच उभे होते.

"साठेसाहेब, हे काय केलंत? मी काय तुम्हाला जेवू नका म्हटलं होतं?"

"तुम्ही नाही म्हटलंत."

"मग रागाच्या भरात बोललात. महिनाभर जाऊ द्या, कोण बघतंय?"

"नेमीचंदजी बघताहेत."

"पण तुम्हाला साधा भात लावता येत नाही!"

"येईल."

त्यांनी काही वेळ डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली. मग म्हणाले, "आजचा दिवस तर तुमच्याच शब्दात बसतो. आज तरी बसाल?"

हिशेब बरोबर होता. मी बसलो. त्यांनी स्वतः वाढले आणि प्रत्येक पोळीवर तूप गरजेपेक्षा जास्त घातले. मी नको म्हटले नाही.

हात धुऊन मी बाजारात गेलो. दुकाने बंद होण्यापूर्वी एक सिगडी, एक झाकणाचे पातेले, थोडे तांदूळ आणि कोरडा कोळसा घेतला. दुकानदाराला सिगडी कशी पेटवतात ते विचारून घेतले.