तासाला पाच मिनिटं

घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. सगळे म्हणजे आता उरलेले दोघंच, बाबा आणि ताई. वय त्रेचाळीस, डोक्यावरचे केस निम्मे गेलेले, तरी धाकटाच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून त्यानं एकोणीस वर्षं काचा घासल्या होत्या. मग काचा कापणारं यंत्र आलं. मालकानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच्या जागेवर यंत्र बसवलं. त्याच वर्षी बाबांची डावी बाजू लुळी पडली. बापलेक एकदमच घरी बसले. फरक एवढाच, की बाबांना धड बसताही येत नव्हतं.

बाहेर नोकरी धरावी तर बाबांकडे कोण बघणार? घरबसल्या काही करावं तर येतं काय, काचा घासणं. तेव्हा त्यानं लॅपटॉपवर पोकर धरलं. एकाच टूर्नामेंटवर पोट भरत नाही, हे महिन्याभरात कळलं. पाच-पन्नास वेळा पत्ते टाकावेत, म्हणजे डाव सोडून द्यावा, तेव्हा कुठे एखादा डाव खेळण्याजोगा येतो. म्हणून एकाच वेळी दोन टूर्नामेंट, मग चार, मग आठ. पडद्यावर आठ हिरवी टेबलं शेजारी शेजारी मांडलेली. ज्या टेबलावर आपली पाळी, ते टुंग करून वाजणार. वीस सेकंदांत बटण दाबलं नाही तर पत्ते आपोआप टाकले जाणार. भेटायला आलेल्या ताईनं हा कारभार एकदा उभ्या उभ्या पाहिला आणि म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या." धाकट्यानं मान वर केली नाही, कारण तिसऱ्या टेबलावर त्याची पाळी आली होती.

मात्र तासाला पंचावन्न मिनिटं झाली, की सगळी टेबलं एकदम थांबत. पाच मिनिटांची सुट्टी, सगळ्या टूर्नामेंटना एकाच वेळी. जगात जिथे कुठे ही मंडळी खेळत असतील, ती सगळी त्या पाच मिनिटांत संडासाकडे धावत असणार. धाकटा बाबांच्या खोलीकडे धावायचा. भांडं देणं, पुसणं, कूस बदलणं, पाणी, गोळी, उशी सारखी करणं. दोन-तीन महिन्यांत हात इतका बसला की चौथ्या मिनिटाला तो परत खुर्चीत असे.

बाबांनीही स्वतःला त्यात बसवून घेतलं. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. भरल्या बसमधून ड्रायव्हरला मध्येच उतरता येत नाही, शेवटचा थांबा येईपर्यंत धरून ठेवायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. समोर भिंतीवर घड्याळ होतंच. धाकटा दारात दिसला की ते म्हणायचे, "आला का थांबा?" आणि दोघंही हसायचे. इतका समजूतदार आजारी कुणाच्या वाट्याला येतो, असं धाकट्याला वाटे. माणूस स्वतःला फसवायला बसला, की त्याच्यासारखा हुशार दुसरा कुणी नाही.

ताईला हसू आलं नाही. गेल्या आठवड्यात बाबांच्या पाठीवर पडून पडून झालेली जखम तिला दिसली, आणि तिनं धाकट्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"दिवसभरासाठी बाई ठेव. पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत बाई ठरली नाही, तर मी बाबांना घेऊन जाते."

"तुझ्याकडे दोन खोल्यांत पाच माणसं आहेत."

"असू देत. सहावं होईल. तुझ्या घरात दोनच आहेत, तरी एक दिसत नाही तुला."

धाकट्याला ते झोंबलं. पण त्याहून जास्त तो घाबरला. बाबा ताईकडे गेले तर आपण त्या खुर्चीतून उठायचं तरी कशाला, हे त्याला सांगता आलं नसतं. बाबांसाठी खेळतो, असं तो दोन वर्षं स्वतःला सांगत आला होता. ते खोटं नव्हतं. पण बाबाच नसतील तर नुसता खेळ उरणार होता, आणि त्या विचारानं त्याला रात्र रात्र झोप लागेना.

रविवारी दुपारी एकला त्यानं आठ टूर्नामेंट लावल्या. त्यातली एक मोठी. तिच्यात पहिल्या तिघांत आलं की बाईचा वर्षभराचा पगार सुटत होता. बाकी सात असल्या काय, नसल्या काय. पंचावन्नला तो आत धावला, परत आला. पुढच्या पंचावन्नला धावला, परत आला. तीन पंचावन्नला बाबांनी भांड्याला हात लावून 'नको' अशी खूण केली. "आत्ता नाही होत. पुढच्या थांब्याला बघू," म्हणाले. चारपर्यंत पाच टूर्नामेंटमधून तो बाहेर पडला होता. साडेचारला फक्त मोठी उरली. आणि पावणेपाचला तिच्यात शेवटचे नऊ जण राहिले, त्यांत तो. इथवर तो कधीच पोचला नव्हता. त्यानं तळवे पँटला पुसले.

पाचला पाच कमी झाले. टेबल थांबलं नाही.

शेवटचे नऊ उरले की सुट्टी बंद, डाव संपेपर्यंत सलग खेळायचं, हा नियम साइटवर बारीक अक्षरात लिहिलेला होता. तिथवर कधी मजलच गेली नव्हती, त्यामुळे वाचायची वेळ आली नव्हती. धाकट्यानं घड्याळाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. उठून जाता आलं असतं. पत्ते आपोआप टाकले गेले असते, चिप्स, म्हणजे खेळातले खोटे पैसे, थोड्या झिजल्या असत्या, पाच मिनिटांत काही आभाळ कोसळलं नसतं. हे त्याला पुरतं कळत होतं. पण थोड्या म्हणजे किती, याचा हिशोब त्याचं डोकं करू लागलं, आणि हिशोब होईस्तोवर टुंग वाजलं.

"बाबा, पाच मिनिटं हं!" तो ओरडला.

"हो, हो. चालू दे तुझं."

सात उरले. मग सहा. पाच वाजून पाच मिनिटांनी तो पुन्हा ओरडला, "बाबा, आलोच!" आतून "हं" आलं. पाच उरले. पाच दहाला त्यानं तिसऱ्यांदा हाळी दिली, पण आतून काही उत्तर आलं की नाही हे त्याला कळलं नाही. त्याच्या हातात दोन राजे आले होते. त्यानं सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. समोरच्याकडे दोन गुलाम होते, आणि राजांपुढे ते गुलामच राहिले. चार उरले.

तेवढ्यात दाराला किल्ली लागली. ताई आली. त्यानं तिच्याकडे न बघता तळहात वर केला, थांब म्हणून. ती थांबली नाही, सरळ आत गेली.

"बाबा! अहो, हे काय!"

धाकट्याला उठायचं होतं. हे खरं आहे. आणि तो उठला नाही, हेही खरं आहे. अजून एक माणूस बाहेर पडला की तिसरा नंबर पक्का होता. जीव मुठीत धरून तो पत्ते टाकत राहिला. आत पाण्याची बादली सरकल्याचा आवाज आला, आणि तो पत्ते टाकत राहिला. चार मिनिटांनी कुणीतरी, कुठल्या देशात कोण जाणे, आपलं सगळं हरून बसला. मग धाकटा धावला.

बाबा पलंगाच्या काठावर बसले होते. पाचला पाच कमी झाले तेव्हा मुलाचा वेळ वाचावा म्हणून त्यांनी उजव्या हातानं पांघरूण काढलं होतं, पलंगाची दांडी धरून स्वतःला काठापर्यंत ओढत आणलं होतं, पाय खाली सोडले होते. तिथून पुढे जाता येईना आणि मागेही फिरता येईना. पंधरा-सोळा मिनिटं एका हातावर अख्खं शरीर तोललेलं. मग धरवलं नव्हतं. चादर, पाय, फरशी सगळं ओलं होतं. दांडीवरची बोटं इतकी आखडली होती की ताई ती एकेक करून सोडवत होती.

"हाक का नाही मारली?" ती विचारत होती.

"हाक मारली की त्याचं टेबल जातं," बाबा म्हणाले. लेकीसमोर अशा अवस्थेत बसल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर होती, आणि ते तिच्याकडे बघत नव्हते.

असं धाकटा एकदाच म्हणाला होता, दीड वर्षापूर्वी, वैतागून. तो कधीच विसरून गेला होता.

"बाबा, जिंकलो," तो म्हणाला. "ताई, बाई ठरली समज. वर्षभराची सोय झाली. उद्याच सांगतो कुणाला तरी."

ताईनं फक्त टॉवेल त्याच्या हातात दिला. दोघांनी मिळून बाबांना पुसलं, कपडे बदलले. कुणी कुणाला दोष दिला नाही, आणि तेच त्याला सोसेना. त्यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"मी जातो रे हिच्याकडे," सदऱ्याची बटणं लावून झाल्यावर बाबा म्हणाले.

"अहो, आता बाई येणार आहे ना."

"येईल. पण इथे माझे डोळे घड्याळावरून हलायचे नाहीत."

ताईनं त्यांची पिशवी भरली आणि गाडी आणायला खाली गेली. धाकट्यानं त्यांना पाठीवर घेतलं. बाहेरच्या खोलीत टेबल टुंग, टुंग वाजत होतं आणि त्याचे पत्ते आपोआप टाकले जात होते. जिन्यात अंधार होता. बाबांचा उजवा हात त्याच्या गळ्याभोवती होता.

"हाक मारायची होती हो बाबा," तो म्हणाला. "एकदा तरी मारायची."

"मारली असती, तर आला असतास?"

खोटं बोलायला हीच वेळ होती, आणि बाबांनी ते मानूनही घेतलं असतं.

"आलो असतो," धाकटा म्हणाला, "तेवढा डाव संपला की."

"सांभाळून उतर," बाबा म्हणाले. "अजून चार पायऱ्या आहेत."