मंगळावरची मयत

स्टाफरूममध्ये मराठीच्या सरांनी माझी कथा मोठ्याने वाचली. मी दाराशी उभी. बस म्हणून कोणी म्हटलं नाही. बाकीचे चहा पिता पिता ऐकत होते.

"मंगळावर पण तुमची वस्ती गावाबाहेरच का गं?" सरांनी विचारलं.

सगळे हसले. मीसुद्धा थोडी हसले. त्याची लाज अजून जात नाही.

मी आदिलाबादला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. आमच्या गावात कोणी वारलं की त्यांच्या नातेवाइकांच्या गावी निरोप घेऊन माझा बा जातो. आजाही जायचा. आता घरोघरी मोबाईल आहेत. तरी मयत सांगायला आमच्याच घरचा माणूस लागतो. रीत आहे म्हणतात.

लायब्ररीत मला अमेरिकेतल्या काळ्या लेखकांच्या कथांचं पुस्तक मिळालं. त्यांचे पूर्वज गुलाम होते. आणि हे लिहितात उद्याचं. दुसरे ग्रह, तिथली माणसं, तिथले नवे कायदे. मला वाटायचं, आपल्यासारख्यांनी फक्त मागचं सांगायचं. पुढचंही आपलं असू शकतं, हे तेव्हा कळलं. नीट सांगता येत नाही मला. पण म्हणून ती कथा लिहिली. मंगळावर गाव वसलंय. पाटील वारतात. सगळी यंत्रं आहेत, तरी एक माणूस निरोप घेऊन लाल धुळीतून पायी निघतो.

कॉलेजच्या वार्षिक अंकात मराठीला चार पानं मिळतात, त्यात काय घ्यायचं ते सर ठरवतात. त्यात ती छापून यावी, एवढंच हवं होतं.

"अंतराळ वगैरे तुमचं काम नाही," सर म्हणाले. "वडिलांचं लिही. खरं दुःख लिही. लगेच छापतो."

घरी वहीतून बाला कथा वाचून दाखवली. तो नुकताच एक मयत सांगून आला होता. पाय चोळत ऐकत होता.

"मंगळावर बी मलेच धाडलं काय वं?" तो म्हणाला. "काऊन? तिथं त सारं तुह्याच हातात होतं."

सरांचं हसणं लागलं होतं. पण बाला तिथेही चालायला मीच लावलं होतं. एवढं आकाश घेतलं, आणि त्याचा एक नकार मला सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले.

"कथा परत द्या, सर. दुःख लिहून देणार नाही."

"मग अंकात नाव येणार नाही तुझं."

"नको."

पानं घेऊन निघाले.

शेवट बदललाय. आता तो माणूस निघत नाही. ज्यांची मयत त्यांनी सांगावी, म्हणतो. ही कथा अजून कुठेच छापलेली नाही.

बा अजून जातो. थकलाय. मीही थकलेय. पुढच्या वेळी तुझ्या वतीने मी नाही म्हणू का, असं त्याला विचारलं. तो हो म्हणाला नाही. नको असंही म्हणाला नाही.

आता बोलावणं आलं की बाहेर मी जाणार. बा येणार नाही, असं तोंडावर सांगणार. एकदाच नाही. दर वेळी.