छबूआत्या आणि आभाळातली बाटली

मी ग्रामसेवक. बावीस वर्षांच्या नोकरीत गटारीपासून गायरानापर्यंत शेकड्यांनी ठराव लिहिले, पण यंदा सव्वीस जानेवारीला जो लिहिला, तसला वैऱ्याच्याही दप्तरात नको. तो माझ्याकडून लिहून घेतला छबूआत्यांनी.

सोनईच्या अलीकडं आमचं गाव. छबूआत्या इथल्या माहेरवाशीण. नवरा श्रीमंत विषारी दारू पिऊन गेला, तेव्हा त्या ऐन तिशीत भावाकडं परत आल्या. भावाची बायको बाळंतपणात गेलेली. तिची पोर ज्ञानेश्वरी आत्यांनीच वाढवली. मग गावातल्या दारूच्या दुकानाला हात घातला. बायकांचं मतदान लावलं, दारोदार फिरून उभी बाटली पाडली, बंदीची आडवी बाटली निवडून आणली, आणि दुकानाला कुलूप ठोकलं. तेव्हापासून त्या अख्ख्या गावाच्या आत्या. कुणाचा संशय आला की चारचौघांत तोंड हुंगतात. माझंही दोनदा हुंगलंय. अहो, खोकल्याचं औषध घेतलं होतं मी!

तर त्या दिवशी ग्रामसभेत ज्ञानेश्वरीचा सत्कार होता. पोरगी पुण्याला ताऱ्यांवर संशोधन करायला निघालेली, सोमवारी हजर व्हायचं होतं. पण आत्याच्या तोंडून ‘जा’ निघाल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक. आणि आत्यांनी अजून ‘जा’ म्हटलं नव्हतं. पोर तिथं नेमकं काय करणार, ते त्यांना आधी ऐकायचं होतं.

शाल-नारळ झाल्यावर ज्ञानेश्वरी उभी राहिली. “तारा नवा असतो ना, तेव्हा त्याच्याभोवती धुळीची आणि वायूची तबकडी फिरत असते. त्या धुळीतनंच पुढं ग्रह होतात. अशा तबकड्यांत मिथेनॉल सापडलंय. ते एक प्रकारचं अल्कोहोलच. मी त्याचाच अभ्यास करणार आहे.”

“म्हंजे वर चालू हाय!” मागून अंगद ओरडला. अंगद हा आमच्या गावात उरलेला शेवटचा पिणारा. सगळे बाप्ये खदाखदा हसले.

आत्या ताडकन उठल्या. “भाऊसाहेब, आपल्या गावात आडवी बाटली हाय का न्हाई?”

“आहे,” मी म्हटलं.

“मंग गावावरच्या आभाळात ही कुठनं आली? ठराव लिव्हा. आभाळातबी बंदी. आन् आमच्या घरातली पोर दारूच्या मागं जानार न्हाई.”

घ्या! ज्ञानेश्वरीचा चेहरा खर्रकन उतरला. मी म्हटलं, “आत्या, ठरावाला जमिनीचा गट नंबर लागतो. आणि गावाच्या सीमा चारच. वरची सीमा नकाशात नाही.”

“मंग पाचवी घाला,” आत्यांच्या उजव्या हाताला बसलेली लंकाबाई म्हणाली.

आपलं आभाळ कुठवर, यावर पाऊण तास खल झाला. कुणी म्हणे पाण्याच्या टाकीपर्यंत, कुणी म्हणे घार उडते तिथवर. हात वर करून मतदान घेतलं. घार जिंकली. तारा शेकडो प्रकाशवर्षं लांब आहे, असं ज्ञानेश्वरीनं कळवळून सांगितलं, तर लंकाबाई म्हणते, “लांबचीच चोरून येती.” माझं टाळकं सरकलं, पण करतो काय? ठराव लिहिला आणि वाचून दाखवला: ‘मिथेनॉल नावाच्या पदार्थास गावावरील आभाळात...’

“थांबा,” आत्या म्हणाल्या. “पुन्ना वाचा ते नाव.”

मी वाचलं. आत्यांनी कमरेची पिशवी सोडून एक पिवळा पडलेला कागद काढला. श्रीमंत गेले तेव्हाचा दवाखान्याचा कागद होता तो. इतकी वर्षं त्यांनी तो कुणालाच दाखवला नव्हता. “डाक्टर असंच कायतरी म्हनले हुते. बघ गं, त्योच शब्द हाय का?”

ज्ञानेश्वरीनं वाचला. तिचे डोळे भरले. “व्हय आत्या. त्योच.”

“तिकडं कोन पितं ते?”

“कुनीच न्हाई. तिकडं अजून मानूसच न्हाई. ते धुळीच्या कनांवर बर्फ होऊन बसलेलं असतं. त्यातनं हळूहळू दुसरं कायकाय तयार होतं, आन् लई काळानं कदाचित जीवबी होत असंल. आपनबी तसेच झालो असू.”

“म्हंजे ज्यानं ह्यांना नेलं, त्याच्यातनंच...” आत्यांनी तिच्या हातातला कागद परत घेतला.

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. “भाऊसाहेब, खोडा ते. नवा लिव्हा. गावात आडवी. वर उभी ऱ्हाऊ द्या.”

अनुमोदक कोण, असं मी विचारलं, तर अंगद पुढं आला. त्यानं सही केली; या खेपेला थट्टा केली नाही.

ज्ञानेश्वरी आत्यांच्या पाया पडली. आत्यांनी तिला उठवलं, सवयीनं तिचं तोंड हुंगलं आणि जवळ घेतलं.

“जा,” त्या म्हणाल्या. “आन् तिकडं पयला मानूस झाला की त्याला सांग, पिऊ नको म्हनावं.”