माटवीवरचा नवा दिवा

मंडळी, दमलोय, पण लिहितो. आज गणपतीपुढचं भजन आमच्या घरी. उजेड नसेल तर भजनी मंडळ शेजारी माझ्या भावाकडे बसणार आणि ते मला वर्षभर ऐकावं लागणार.

गणपतीवर फळापानांची माटवी टांगलेली. तिच्या वर, छताला, चारी बाजूंनी बंद असलेला जुना काचेचा गोळा काढून कुडाळहून आणलेला उघड्या पाकळ्यांचा दिवा मी स्वतः बसवला. लागला. थोड्या वेळाने मीटरजवळचा स्विच ट्रिप झाला आणि घरभर अंधार.

दिवा काढला की सगळं सुरळीत. दिवा असताना बिघाड, नसताना नाही. पाठशाळेत शिकलेल्या न्यायशास्त्रानुसार दोष दिव्यात. तीनदा उघडून पुसला, तीनदा लागला, तीनदा गेला.

बायको म्हणाली, “तुमका संस्कृत येता, वायरिंग नाय. भावोजींका हाक मारू?”

एवढा अपमान ऐकून मेन बंद करून पुन्हा स्टुलावर चढलो, तर चष्म्यावर पाणी! खाली ही तांब्या घेऊन माटवीवर ओंजळीने पाणी उडवत होती.

“गो, ह्या काय करतंस?”

“मगे? भजन होईसर पानां सुकतली मां! सकाळपासून पाणी मारतंय.”

म्हणजे माझा दिवाही सकाळपासून न्हात होता.

जुना गोळा परत चढवला; त्यात पाणी शिरत नाही. आत भजन रंगलंय, मी पडवीत पाठ टेकून हे टंकतोय. आता सांगा, दोष दिव्याचा, पाण्याचा की माझा? घरात विचारायची हिंमत नाही, म्हणून इथे विचारतो.