टीझलला कुंडी नको

कॉव्हेंट्रीत आमच्या घरामागे पाखरं-फुलपाखरांसाठी राखलेली एक बाग आहे. तिथे शनिवारी एक म्हाताऱ्या इंग्लिश बाई दिसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. टीझल नावाच्या रानफुलाचं वाळलेलं काटेरी बोंड त्या तळव्यावर उलटं झटकायच्या, बी मातीवर पसरायच्या आणि वर माती न लोटता हाताने नुसतं थोपटायच्या.

"या वर्षी नुसती पानं," एकदा त्या मला म्हणाल्या. "फुलं पुढच्या वर्षी. मग थंडीत गोल्डफिंच पाखरं बी खायला येतात."

"पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही, कोण जाणे. व्हिसावर आहे," मी म्हणाले.

"मी ऐंशीची आहे. मला तरी कुणी एक्स्टेन्शन दिलंय?"

त्यांनी थोडं बी माझ्या हातावर ठेवलं. कुंडीत लावते, म्हटलं. आम्ही व्हिसावाले मेथी, कोथिंबीर, पुदिना सगळं कुंडीतच लावतो. घर बदललं की उचलून नेता येतं.

"कुंडीत नको. मूळ खोल जातं त्याचं. मग हलवता येत नाही."

घरी येऊन मी ते बी कुंपणाशी, जमिनीतच थोपटलं. घरमालकाला विचारलं नाही.