ओमितोलाची जागा

मामांच्या चरित्रात माझ्या आजीला, ओमितोलाला, दीड ओळ मिळाली आहे. ‘पुत्राच्या निधनानंतर वृद्ध मातेनेही प्रभूचा स्वीकार केला.’ लिहिणारे गृहस्थ आमच्याकडे पोटभर जेवले, मामांबद्दल खोदून खोदून विचारलं आणि आजीबद्दल एक अक्षर नाही. म्हणून मी सांगते.

रेव्हरंड ओबादाया म्हणजे आमचे मामा. राजाला तोंडावर सुनावून त्यांनी बाजारातली माणसांची विक्री बंद पाडली, शाळा काढली, अर्ध्या गावाला बाप्तिस्मा दिला. आई मात्र हाती लागली नाही. दर रविवारी ते अंगातल्या झग्यासकट तिच्यापुढे पालथे पडून नमस्कार करत. पाद्री झाला म्हणून मुलाला त्यातून सुटका नसते.

“आई, आज तरी चल चर्चला.”

“आजानी, तुझ्या देवाला सांग, म्हातारी कामात आहे.” ती त्यांना लाडाच्या नावानेच हाक मारायची. “आणि मी गेले की इथेच ठेव मला, तुझ्या बापाजवळ. त्या चर्चच्या उघड्या माळावर टाकशील तर बघ.”

आजोबा माजघरात जमिनीखाली होते. आमच्यात घरचं माणूस घरातच पुरतात. मामा या चालीविरुद्ध जन्मभर बोलले, पण आजी आजोबांच्या वर चटई टाकून झोपायची आणि मनात आलं की त्यांच्याशी भांडायचीसुद्धा.

मग मामा तापाने गेले. मंडळींनी त्यांना चर्चच्या आवारात पुरलं. आजी गेली नाही. आई लेकराच्या थडग्याकडे बघत नाही, तसा दंडकच आहे. ती भिजवलेल्या चवळीची सालं काढत बसली. रडली नाही. मीही रडले नाही. मला काही वाटतच नव्हतं. भूक लागली की आम्ही जेवत होतो, चव कळत नव्हती. महिने असेच गेले.

एकदा चवळी निवडताना तिने विचारलं, “त्याच्याजवळ कोण आहे गं?”

“अजून कुणी नाही, आजी.”

“एकटाच?”

“हो.”

“तिथे जायला काय लागतं?”

“बाप्तिस्मा.”

“मग घेते.”

माजघरात जाऊन ती जमिनीकडे बघत म्हणाली, “तुमच्याजवळ बाकीचे येतील. पोर एकटं आहे.” बस, एवढंच.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्यांनी तिला विचारलं, विश्वास आहे का? “आजानी खोटं बोलायचा नाही,” ती म्हणाली. डोक्यावर पाणी पडलं. मंडळी रडली, गायली. आजीने पदराने तोंड पुसलं आणि घरी येऊन चुलीवर सुरण ठेवला.

पुढे तिला उठवेना. म्हणाली, “जा, त्याच्या शेजारची जागा माझी म्हणून सांगून ये.” घरात जसं आपलं माणूस आपल्या माणसाशेजारी असतं, तसंच तिथेही असणार, हे ती धरूनच चालली होती. मीही.

चर्चचे कारभारी जेरेमाया आवार झाडत होते. मी गुडघे टेकून विचारलं.

“ती पाळकांची रांग आहे, पोरी. बायका मागच्या भिंतीशी.”

“आई आहे ती त्यांची!”

“नियम तुझ्या मामांनीच घातलाय. देवाच्या आवारात कुणी घराणं मिरवायचं नाही म्हणून.”

मला संताप यायला हवा होता. आला नाही. घरी येऊन आजीला जसंच्या तसं सांगितलं.

“बरं,” ती म्हणाली. “मग मला इथेच ठेवा.”

“आता नाही ठेवता येत, आजी. तुझा बाप्तिस्मा झालाय. चर्चवाले न्यायला येतील.”

“म्हणजे तुझ्या आजोबांजवळही नाही?”

“नाही.”



“भिंतीशी माझ्या ओळखीचं कोण आहे?”

मी आठवून पाहिलं. सगळ्या परगावच्या बायका.

“कुणी नाही, आजी.”